गैरसमज मोजताना: खानदेशातल्या एकवीस महिन्यांची नोंद

जानेवारी 2023 मध्ये आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर अमळनेर तालुक्यातल्या एका गावी होते. शेवटच्या रात्री मुलामुलींनी स्त्रियांवरील अत्याचारांवर पथनाट्य केले. ते संपल्यावर मांडीवर नात घेऊन बसलेले एक वयस्क गृहस्थ माझ्याकडे वळून अगदी मृदू आवाजात म्हणाले, "मॅडम, नाटक चांगलं झालं, पण पोरगी ओरडली का नाही, ते नाही कळलं." त्या प्रश्नात दुष्टपणा नव्हता. त्यांना खरोखर तसेच वाटत होते, आणि आसपासच्या बऱ्याच माना डोलल्या. मी तालुक्याच्या गावी मानसशास्त्र शिकवते. पीएचडीसाठी विषय शोधत होते, तो मला त्या ओट्यावर मिळाला. लैंगिक हिंसाचाराविषयीचे गैरसमज आपल्या भागातली माणसे किती आणि किती ठामपणे खरे मानतात, हे मोजायचे ठरले. जून 2023 मध्ये सुरू केलेले हे काम मार्च 2025 मध्ये पुरे झाले. या वाटेने जाणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून ते क्रमाने लिहून ठेवते आहे.

पहिले दोन महिने वाचनात गेले. या विषयाची पहिली प्रसिद्ध मापिका (माणूस गैरसमज किती मानतो ते गुणांत मोजणारी विधानांची यादी) मार्था बर्ट यांनी 1980 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील 598 प्रौढांच्या मुलाखतींवरून मांडली. 1999 मध्ये पेन, लॉन्सवे आणि फिट्झजेराल्ड यांनी 45 विधानांची 'इलिनॉय मापिका' तयार केली आणि 2011 मध्ये मॅकमहन आणि फार्मर यांनी तिची 22 विधानांची सुधारित आवृत्ती केली. या आवृत्तीतले गैरसमजांचे गट मला पुढे सतत उपयोगी पडले: तिनेच ओढवून घेतले, त्याचा तसा हेतू नव्हता, तो खरा बलात्कार नव्हताच, ती खोटे बोलते. 2007 मध्ये गर्गर आणि सहकाऱ्यांनी आणखी एक मापिका केली, तिच्यात 30 विधाने आणि सात पायऱ्यांची उत्तरे आहेत. त्यांचे म्हणणे असे की उघड गैरसमजांना आता कुणी उघडपणे होकार देत नाही, सगळे गुण तळाशी गोळा होतात, म्हणून विधाने अधिक सूक्ष्म हवीत. हे मी तेव्हा नुसते वाचले. पटले ते पुढच्या मे महिन्यात.

संस्थेच्या नीतिमत्ता समितीकडे अर्ज दिला 21 ऑगस्ट 2023 रोजी, तो दोन हरकतींसह परत आला 4 ऑक्टोबरला, आणि मंजुरीचे पत्र हातात पडले 29 नोव्हेंबरला. एक हरकत शीर्षकातल्या 'बलात्कार' या शब्दाला होती. तिच्यावर मी बरेच दिवस मनातल्या मनात भांडले, पण 'लैंगिक हिंसाचार' हा शब्द प्रत्यक्षात व्यापक असल्यामुळे तो स्वीकारला. दुसरी हरकत मात्र समितीचे आभार मानावेत अशी होती. मुलाखत देताना एखाद्या बाईने स्वतःवर घडलेले सांगितले तर तुम्ही काय करणार, असे त्यांनी विचारले होते, आणि माझ्या अर्जात त्यावर एक ओळही नव्हती. त्यानंतर मी जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये, म्हणजे अत्याचारग्रस्त स्त्रियांच्या मदत केंद्रात, जाऊन बोलणी केली, 181 आणि 112 हे मदतीचे क्रमांक छापलेले बोटभर रुंदीचे कार्ड केले, आणि संमतीपत्रात एक वाक्य ठळक घातले: अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर झालेला अत्याचार कळला, तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार तो पोलिसांना कळवणे मला बंधनकारक आहे. हे आधी न सांगता कुणाकडून गोपनीयतेच्या भरवशावर बोलणे काढून घेणे म्हणजे फसवणूकच ठरली असती. अर्ज करणाऱ्याने हा भाग पहिल्याच मसुद्यात लिहावा, त्याचे दोन महिने वाचतील.

डिसेंबरमध्ये भाषांतराला बसले आणि आठवड्याभरात अडले. इलिनॉय मापिकेतली विधाने महाविद्यालयीन पार्ट्या, दारू आणि तिथले कपडे यांच्याभोवती फिरतात. ती मराठीत अचूक आली तरी पारोळ्याच्या बाजारात उभ्या असलेल्या बाईला त्यांतले काहीच आपले वाटणार नव्हते. म्हणून गट ठेवले आणि विधाने इथल्या माणसांच्या तोंडून गोळा करायची ठरवली. जानेवारी 2024 भर मी वही घेऊन फिरले: आशा कार्यकर्त्यांच्या बैठकीत, बचत गटात, पानटपरीवर माझ्या एका विद्यार्थ्याला पाठवून, एसटीत. बायकांना एसटीचे तिकीट निम्मे असल्यामुळे हा महिना स्वस्तात निभावला. 'एका हातानं टाळी वाजत नाही', 'मोबाइल आला आणि पोरी हातच्या गेल्या', 'शेतात एकटी कशाला गेली', 'पैशांसाठी केस करतात', 'तोंड काळं करून आली', अशी एकशे चाळीसहून अधिक वाक्ये वहीत जमली.

इथे एक गोष्ट लक्षात आली, तिच्यावर थोडे थांबते. आपल्याकडे या गुन्ह्यासाठी बोलीत जे शब्द आहेत, त्यांतल्या बहुतेकांच्या पोटातच गैरसमज आहे. 'अब्रू गेली', 'इज्जत लुटली' म्हटले की हानी बाईच्या शरीरामनाची न राहता घराण्याच्या नावाची होते, आणि 'तोंड काळं केलं' यात तर दोष सरळ तिच्यावरच जातो. कायद्यातला 'विनयभंग' हा शब्दही विनय तिचा आणि भंगही तिचाच, असे सांगतो. विधानात असा शब्द घातला तर उत्तर देणारा विधानाशी सहमत होतो की नुसत्या ओळखीच्या शब्दप्रयोगाशी, हे कळायला मार्ग उरत नाही. शेवटी सगळीकडे 'जबरदस्ती' हा शब्द वापरला, कारण तो सगळ्यांना समजत होता आणि त्यात करणारा माणूस दिसत होता.

काही विधाने न्यायालयांच्या इतिहासातून घेतली. 1972 मध्ये आपल्याच राज्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 1978 मध्ये दोन पोलिसांना निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत आणि प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हा त्या निकालातला महत्त्वाचा आधार होता. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. राजस्थानातल्या भंवरी देवी यांच्या खटल्यात 1995 मध्ये आरोपी सुटले, तेव्हा वरच्या जातीचे पुरुष असे करणार नाहीत, हा विचारही निकालात होता. जखम नाही म्हणजे जबरदस्ती नाही, आणि मोठ्या घरचा माणूस असे करत नाही, ही दोन्ही वाक्ये माझ्या वहीत शिरपूर आणि साक्रीच्या बायकांच्या तोंडी जशीच्या तशी होती. गैरसमज अडाणीपणातून येतात, असे मला कुणी सांगितले की मी ही दोन पाने त्यांच्यापुढे ठेवते.

फेब्रुवारीत सात तज्ज्ञांनी विधाने तपासली: मानसशास्त्राचे तीन प्राध्यापक, एक वकील, एक स्त्रीरोगतज्ज्ञ, एक समुपदेशक आणि अहिराणीच्या एक अभ्यासक. 31 विधाने उरली. पुढे अहिराणी आवृत्ती. 'बाईने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची तयारी होती' हे वाक्य 'बाई आरडनी नही म्हंजे तिन्ही मरजी व्हती' असे झाले. मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून ते परत मराठीत आणून दोन्ही मसुदे शेजारी ठेवले. एका विधानात 'संमती'चे 'होकार' होऊन परत येताना 'लग्नाला होकार' झाले होते. उलट भाषांतरावर खर्च झालेले सहा हजार रुपये या एका चुकीनेच वसूल झाले.

मार्चमध्ये तीस जणांवर पहिली चाचणी घेतली. पाच पायऱ्यांची उत्तरे, 'पूर्णपणे पटते' पासून 'अजिबात पटत नाही' पर्यंत, कागदावर सोपी वाटत होती, पण लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका प्रत्येक वेळी हो म्हणायच्या, कारण मॅडमने वाचलेले वाक्य खोटे कसे असेल. मी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर पाच वर्तुळे काढली, पहिले रिकामे, पुढची पाव, अर्धे, पाऊण आणि पूर्ण भरलेले. साक्रीकडच्या एका आजींनी बोट ठेवून विचारले, "ही भाकर का?" तेव्हापासून आम्ही तिला भाकरीच म्हणू लागलो: वाक्य पूर्ण पटले तर अख्खी, थोडे पटले तर पाव. सुरुवातीला दादरीची भाकरी, पिठल्यातले मीठ अशा घरगुती विषयांवर तीन सरावाची वाक्ये घेतली, आणि त्यांतले एक मुद्दाम चुकीचे ठेवले, म्हणजे नाही म्हणायला चालते हे त्यांना कळावे. याच चाचणीत नकारावर नकार असलेली विधाने बाद झाली. 'विरोध केला नाही म्हणजे संमती होती, असे नाही' या वाक्याला शिकलेले लोकही उलटी उत्तरे देत होते.

एका विधानाने मात्र मला आठवडाभर झोपू दिले नाही: 'नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीला बलात्कार म्हणता येत नाही.' माझ्या दृष्टीने हा गैरसमज आहे. पण पत्नी अठरा वर्षांखालील नसेल तर कायदाही तेच म्हणतो, तो अपवाद भारतीय दंड संहितेच्या जुन्या कलम 375 मध्ये होता आणि आजच्या कायद्यातही आहे. कायदा बरोबर माहीत असलेल्या माणसाला मी गैरसमजाचे गुण कसे देणार? मार्गदर्शकांशी तीन बैठका झाल्यावर ते विधान ठेवले, परंतु एकूण गुणांत धरले नाही आणि त्याची नोंद वेगळ्या तक्त्यात केली.

एप्रिलमध्ये प्रत्यक्ष कामाला लागले आणि लोकसभेची निवडणूक आली. जळगाव, रावेर आणि नंदुरबारचे मतदान 13 मे रोजी, धुळ्याचे 20 मे रोजी. हातात फॉर्म, गळ्यात ओळखपत्र आणि मतदारयादीची प्रत असलेली बाई दारात आली की लोक विचारत, कोणत्या पक्षाकडून? एका गावात सरपंचांनी सौजन्याने सांगितले की निकाल लागल्यावर या. मी थांबले. निवडणुकीच्या महिन्यात कुठलेही सर्वेक्षण ठरवू नये, आणि ठरवलेच तर ग्रामपंचायतीचे लेखी पत्र सोबत ठेवावे.

त्या रिकाम्या दिवसांत, 10 मेच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी चोपडा तालुक्यातल्या एका गावी केवळ ओळखी वाढवायला गेले. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात. सासरी पदर सावरून दोन शब्दांत बोलणाऱ्या बायका माहेरच्या निंबाखाली मोकळ्या होतात, हे मला कोणत्याही संशोधनपद्धतीच्या पुस्तकात मिळाले नव्हते. तिथे चाळिशीच्या एका ताईंनी हौसेने माझे सगळे फॉर्म भरू दिले. एकूण एक विधानाला रिकामी भाकरी: अजिबात पटत नाही. मी मनात म्हटले, किती जागरूक बाई आहे. मी पुठ्ठा पिशवीत ठेवला, त्यांनी चहाचा कप पुढे केला आणि शेजारच्या गावातल्या एका मुलीविषयी त्या सहज म्हणाल्या, की ती आधीपासूनच त्या पोराशी बोलायची, मग केस कशाला केली. फॉर्मवर शून्य आणि चहाबरोबर पूर्ण भाकरी. दोन्ही वेळा त्या प्रामाणिक होत्या, याची मला खात्री आहे. सर्वसाधारण बाईविषयी विचारले तेव्हा त्या न्यायाने बोलल्या, आणि ओळखीच्या मुलीची गोष्ट आली तेव्हा गावात आजवर ऐकलेलेच बोलल्या.

त्या रात्री धुळ्याला परतताना गर्गर यांच्या मापिकेमागचा विचार मला खऱ्या अर्थाने समजला. मग मी आराखडाच बदलला. विधानांच्या जोडीला दोन छोट्या गोष्टी घातल्या. एकीत मुलगी आणि हल्लेखोर अनोळखी, दुसरीत तो नात्यातला, ओळखीचा. बाकी वेळ, जागा, कपडे, तक्रारीला लागलेले तीन दिवस, शब्द न् शब्द सारखे. कुणाला कोणती गोष्ट मिळणार ते चिठ्ठीने ठरायचे, आणि पुढे प्रश्न एकच: यात दोष कुणाचा किती? बदलासाठी समितीकडे पुन्हा अर्ज, पुन्हा पाच आठवडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत बलात्काराच्या 95 टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, त्यामुळे ओळखीच्या गोष्टीला मिळणारी उत्तरेच जास्त मोलाची होती.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. सहभागींना शेवटी द्यायच्या माहितीपत्रकात मी कलम 375 छापून ठेवले होते, ते आता कलम 63 झाले. चारशे प्रती रद्दीत गेल्या. हे माहितीपत्रक माझ्या मते प्रश्नावलीइतकेच महत्त्वाचे आहे. एखाद्याला ओळीने दोन डझन गैरसमज वाचून दाखवायचे आणि तसेच उठून यायचे, हे मला मान्य नव्हते. म्हणून प्रत्येक मुलाखतीनंतर दहा मिनिटे बसून आम्ही सांगत असू, की शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही हे 2013 पासून कायद्यातच लिहिलेले आहे, तक्रारीला उशीर झाला म्हणून ती खोटी ठरत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये गुरमित सिंग खटल्यात म्हटले आहे, 'टू फिंगर टेस्ट', म्हणजे दोन बोटांनी केली जाणारी योनीतपासणी, 2013 आणि पुन्हा 2022 मध्ये न्यायालयाने चुकीची ठरवली आहे, आणि पीडितेवर प्रथमोपचार व वैद्यकीय उपचार मोफत करणे रुग्णालयाला बंधनकारक आहे.

मुख्य काम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाले. घर मतदारयादीवरून ठरत होते. घरातली व्यक्ती निवडायला 'ज्याचा वाढदिवस नुकताच झाला तो' ही प्रचलित रीत वापरली, आणि ती पहिल्याच दिवशी मोडली, कारण पन्नाशीपुढच्या निम्म्या लोकांची जन्मतारीख 1 जून होती. मास्तरांनी शाळेत घालताना जी लिहिली, ती. त्यानंतर सरळ नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. बायकांच्या मुलाखती मी आणि एक मदतनीस मुलगी घेत असू, पुरुषांच्या एक विद्यार्थी. सासू किंवा दीर येऊन बसले की लगेच पान उलटून पाणीपुरवठ्याचे प्रश्न सुरू करायचे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत वाचले होते. माझ्याकडे त्यासाठी बारा प्रश्नांचा वेगळा कागद होता, आणि तो जवळपास रोज लागला.

कामाला आठवडा होत नाही तोच कोलकात्याच्या रुग्णालयात डॉक्टर तरुणीवर बलात्कार आणि खून झाल्याची घटना घडली, आणि 20 ऑगस्टला शाळकरी मुलींवरील अत्याचाराविरुद्धचे बदलापूरचे आंदोलन सगळ्या घरांत दूरचित्रवाणीवर होते. लोक स्वतःहून बोलू लागले, संतापून बोलू लागले. एका घरात कानबाईच्या रोटांचा डबा पुढे करत एक मावशी रडल्या. मी दहा दिवस काम थांबवले, कारण मला कळत नव्हते की आता मी लोकांची समजूत मोजते आहे की त्या आठवड्याची बातमी. नंतर मार्गदर्शकांच्या सल्ल्याने पुढे गेले, पण प्रत्येक फॉर्मवर तारीख ठळक नोंदवली आणि विश्लेषणात आधीचे-नंतरचे वेगळे पाहिले. फॉर्मवर तारीख हवीच, कितीही किरकोळ वाटली तरी.

ऑक्टोबरपासून कापूस वेचणी. दिवसा गावात कुणी भेटेना, मग संध्याकाळी सात ते नऊ. विधानसभेच्या मतदानामुळे नोव्हेंबरचे तीन आठवडे पुन्हा बंद. अकरा घरांनी मुलाखतीला नकार दिला. एका आजींनी हात जोडून म्हटले, "हाई बोलानी गोट नही शे, माय." चार बायकांनी मुलाखतीच्या ओघात स्वतःविषयी सांगितले. त्याबद्दल इथे एवढेच लिहिते, की कार्ड दिले, दोघींना त्यांच्या इच्छेने सखी केंद्रापर्यंत सोबत केली, आणि त्या संध्याकाळी पुढची मुलाखत घेतली नाही. माझ्या मदतनीस मुलीला त्यानंतर झोप लागेना. दर शनिवारी आम्ही तिघांनी एका समुपदेशकांसमोर बसायचे, ही व्यवस्था मी उशिरा केली. ती पहिल्या दिवसापासून हवी होती.

21 डिसेंबरला 320 वा फॉर्म भरला: 168 स्त्रिया, 152 पुरुष. खर्च असा झाला: मदतनिसांचे मानधन 28,800, प्रवास 8,300, छपाई 7,400, उलट भाषांतर 6,000, एकूण 50,500 रुपये, सगळे पदरचे. आकडेमोडीसाठी जामोवी हे मोफत सॉफ्टवेअर पुरले, महागडे काही विकत घ्यायची गरज नाही.

जानेवारी ते मार्च 2025 विश्लेषण चालले. प्रबंध सादर होईपर्यंत टक्केवारी देणे योग्य नाही, म्हणून देत नाही. एवढे सांगते की 'त्याचा हेतू नव्हता' हा गट अंतर्गत विश्वसनीयतेचा (गटातली विधाने एकमेकांशी किती जुळतात याचा) 0.70 हा प्रचलित उंबरठा गाठू शकला नाही, त्याची विधाने पुन्हा लिहावी लागणार आहेत. आणि जे लोक सरळ विधानांना ठाम नकार देत होते, त्यांच्यातल्या अनेकांनी ओळखीच्या माणसाच्या गोष्टीत दोषाचा मोठा वाटा मुलीला दिला. अनोळखी माणसाच्या गोष्टीत तसे झाले नाही. शिक्षणाने फरक पडला, पण मला अपेक्षित होता त्यापेक्षा बराच कमी. हे वाचायला जड गेले, कारण त्या फॉर्ममध्ये शिक्षकही होते.

23 मार्चला चोपडा तालुक्यातल्या त्या गावात महिलांची ग्रामसभा होती. ग्रामसेवकांच्या परवानगीने मी अर्धा तास घेतला. आकडे सांगितले नाहीत, ती दोन्ही गोष्टींची पाने वाचून दाखवली, एक झाल्यावर दुसरी, आणि दोन्हींत काय सारखे होते ते फळ्यावर लिहिले. आखाजीला भेटलेल्या ताई सासरी असल्याने नव्हत्या, त्यांची वहिनी होती. दुसरी गोष्ट वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही, मग मागून एकीने पहिली पुन्हा वाचायला सांगितली. ती वाचली. आता हीच दोन पाने पुरुषांसमोर वाचायची आहेत. येत्या ग्रामसभेची तारीख ठरली की सरपंच कळवणार आहेत.